गव्हाण मांडली, पिशवीही भरली

‘अजून नाही का गं?’

सध्या हा प्रश्न मला दिवसातून किमान सहा वेळा ऐकावा लागतो. दूधवाल्या मावशी विचारतात, समोरच्या काकू विचारतात. माहेरून आईचा फोन आला की ‘जेवलीस का’च्या आधी तेच! डॉक्टरांनी २८ डिसेंबर तारीख दिलीय. नववा महिना सरत आलाय, पोट खाली उतरलंय, रात्री कुस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. आणि घरात नाताळ!

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’च ऐकू येतं.) आमच्या नाताळाबद्दल माझ्या बऱ्याच मैत्रिणींची कल्पना हिंदी सिनेमातून आलेली. केक कापायचा, नाच करायचा, झालं! ‘तुमच्याकडे फराळ असतो?’ असं कुणी डोळे मोठे करून विचारलं की मला हसूच येतं. अगं, असतो म्हणजे काय! करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, रव्याचे लाडू... तुमचे दिवाळीचे डबे रिकामे होऊन महिना उलटला, की आमच्याकडे कढई चढते. अमेरिकन मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, त्यांनी शाळा काढल्या, देवळं बांधली. पण आमच्या आज्या-पणज्यांनी करंजी काही सोडली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर अभंग-भजनांच्या वळणाची किती गाणी आमच्यासाठी लिहून ठेवली. त्यामुळे आमच्या उपासनेत पेटीबरोबर तबला आणि झांजाही वाजतात.

आमच्या घरात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दारावर चांदणी लागते. पूर्वी सासरे बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून ती स्वतः बनवायचे. आता विकतची आणतो, पण स्टुलावर चढून लावायचा मान त्यांचाच. मग दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गव्हाण मांडायची. खाली वाळलेलं गवत, त्यावर मातीच्या मरीया-योसेफ, मेंढरं, एक कान तुटलेली गाय. बाळाची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत डब्यात. त्याआधी बाहेर काढली तर सासूबाई रागावतात, ‘अजून जन्मायचाय तो!’ यंदा हे वाक्य त्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

तर सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

आमची मोठी सात वर्षांची. रविवारच्या शाळेच्या नाटिकेत यंदा तिला मरीयेचं काम मिळालंय. निळी ओढणी डोक्यावरून घ्यायची, योसेफाबरोबर रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि गव्हाणीजवळ बसून हसायचं. संवाद एकच. परवा तालमीहून आली ती फुगूनच. बाई म्हणाल्या, सरळ चाल. ही म्हणे कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, हाश्‌हुश्‌ करत चालत होती! ‘मम्मी, तू अशीच चालतेस ना? मग मरीया सरळ कशी चालेल? तिच्या पोटात बाळ होतं ना?’

मला आधी हसू आलं, मग मात्र मी विचारात पडले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय. लूकाच्या शुभवर्तमानात ती जेमतेम काही ओळींची. नासरेथहून बेथलेहेम म्हणजे शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. नाटिकेत आपण तिला गाढवावर बसवतो. पण लूकाच्या त्या ओळींत गाढव कुठेच नाही! उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, हे आहे. बाळाला गुंडाळलं ते बाळंतं आहे. मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत. पण त्या रात्री तिच्याजवळ बाई कोण होती? सुईण होती का? कळा किती वेळ दिल्या? तिला गरम पाणी कुणी दिलं? याबद्दल एक अक्षर नाही. सगळा सण एका बाळंतपणाचा, आणि बाळंतिणीची चौकशी करणारं कुणी नाही.

आणि आपल्या घरात तरी काय वेगळं असतं? हे मी फक्त आमच्या नाताळाबद्दल म्हणत नाही हं. तुमच्या गौरी-गणपतीत, दिवाळीत दिवस भरलेली सून घरात असते तेव्हा आठवून बघा.

गेल्या शनिवारी आम्ही करंज्यांचा घाट घातला. आमच्याकडे दीडशे तरी होतात. शेजारीपाजारी, नवऱ्याच्या कंपनीतले, सासऱ्यांचे मित्र, सगळ्यांना ताट जातं. सासूबाई तळायला, मी लाटायला. मी आपली खुर्चीवर बसून, पोळपाट टेबलावर घेऊन. नवरा सकाळच्या पाळीला एमआयडीसीत. दहा-साडेदहा झाले असतील. तिसरा का चौथा घाणा कढईत होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून बाळ हललेलंच नाही. म्हणजे, हललं असेल का? उठल्यावर एकदा वाटलं होतं. चहानंतर एरवी लाथांचा धुमाकूळ असतो, तो आज झाला का? आठवेना.

आता ऐका, माझ्या डोक्यात काय आलं ते. मी शिकलेली बाई. लग्नाआधी चार वर्षं नोकरी केलेली. डॉक्टरांनी दर तपासणीला बजावलेलं, की बाळाची हालचाल कमी वाटली तर उद्यावर ढकलायचं नाही. आणि तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पीठ भिजवून झालंय, सारण उघडं आहे, पाऱ्या सुकतील. दुसरा विचार, सासूबाई म्हणतील, कामाच्या वेळीच बरं हिला काहीतरी होतं. (त्या असं कधी म्हणालेल्या नाहीत. तरी मला तेच वाटलं!) तिसरा विचार, शेवटी शेवटी बाळाला जागा पुरत नाही म्हणून ते कमी हलतं, असं मावशी म्हणत होती, तेच असेल. मी आणखी पाच करंज्या लाटल्या. कातण फिरवलं. ओल्या फडक्याखाली ठेवल्या.

सहावीला माझा हात थांबला. सासूबाईंनी वळून बघितलं. ‘काय गं?’

‘काही नाही आई. बाळ जरा... आज हलत नाहीये बहुतेक.’

त्यांनी एका शब्दानंही काही विचारलं नाही. गॅस बंद केला. अर्धवट तळलेल्या करंज्या तशाच तेलात! हात पदराला पुसले, मला आधार देऊन उठवलं आणि दारातून काकूंना हाक मारली, ‘घर बघा हो.’ पाचव्या मिनिटाला आम्ही रिक्षात होतो. मी अजून गाऊनवर, वर त्यांचाच स्वेटर.

रिक्षात त्या माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं.

१९८७ साल. तेव्हा ही मंडळी राहुरीकडच्या एका गावात राहायची. सासूबाई एकवीस वर्षांच्या, पहिलटकरीण. माहेरी जायचं होतं, पण नाताळ झाल्यावर जाऊ असं ठरलेलं. चोवीस तारखेला घरात वीस माणसं. ‘सकाळपासून पोट गच्च व्हायचं. बाळ हलंना. म्हणलं, एवढा घाणा होऊ दे, मग सांगू. मग म्हणलं, पाव्हण्यांची जेवणं होऊ दे. मग गाणारी मंडळी यायची होती, म्हणलं ती येऊन जाऊ दे, त्यांच्या चहाचं कोण बघणार...’ गाणारी मंडळी रात्री बाराला आली, चहा पिऊन गेली. पहाटे कुणाची तरी जीप मिळाली.

‘मुलगी होती,’ एवढंच म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, ‘बोलले असते तर वाचली असती का, देवालाच ठाऊक. पण बोलले नाही ना मी.’

दवाखान्यात माझ्या पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके कागदावर उतरवले. वीस-पंचवीस मिनिटं ते मशीन टक्‌टक्‌ करत होतं आणि सासूबाई माझा पाय धरून बसल्या होत्या. मध्येच बाळानं अशी काही कोलांटी मारली, की पट्टाच सरकला! सगळं ठीक होतं. सोनोग्राफीतही पाणी पुरेसं दिसलं. ‘तुम्हाला उगाच त्रास दिला,’ असं मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, तर त्या चिडल्याच. म्हणाल्या, दहादा या आणि दहादा ठीक निघू दे, मला चालेल. आणि मावशीचं ते ‘जागा पुरत नाही’ प्रकरणही त्यांनी निकालात काढलं. शेवटच्या आठवड्यांत लाथेपेक्षा वळवळ जास्त जाणवते, हालचालीचा प्रकार बदलतो. पण हालचाल कमी होणं हे नेहमीचं समजायचं नाही. शंका आली की डाव्या कुशीवर शांत पडून मोजायचं, दोन तासांत दहा वेळा जाणवली पाहिजे. नाही जाणवली, किंवा मोजण्याआधीच मनाला खटकलं, तर त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना. पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फुटेस्तोवर दुखून डोळ्यांपुढे अंधारलं, तरी तेच.

घरी आलो तर काकूंनी उरलेल्या करंज्या लाटून, तळून, डब्यात भरून ठेवलेल्या. तेलातल्या त्या पहिल्या घाण्याच्या मात्र तेल पिऊन अगदी मऊ झाल्या होत्या. सासऱ्यांनी त्या चहाबरोबर खाल्ल्या आणि वर ‘छान झाल्यात’ म्हणाले!

मैत्रिणींनो, मला राग कशाचा येतो, सांगू? मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. माझी सासू प्रेमळ, नवरा समजूतदार. तरी मी पाच करंज्या लाटल्याच ना? सणाच्या दिवशी बाईनं स्वतःच्या अंगाची तक्रार करायची नाही, हे आपल्यात कुठेतरी खोल मुरलंय. पाळी सणात येऊ नये म्हणून गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणी माझ्या ओळखीत आहेत, कुणालाही न विचारता मेडिकलमधून आणलेल्या! ताप असला तरी ‘आधी नैवेद्य होऊ दे.’ आमच्याकडे नैवेद्य नसतो, पण ‘आधी मंडळी येऊन जाऊ देत’ असतंच. १९८७ च्या त्या पोरीजवळ फोन नव्हता, गाडी नव्हती. माझ्याजवळ दोन्ही होतं. नव्हतं ते तोंडातून वाक्य काढायचं बळ.

म्हणून मला वाटतं, हे बळ तिच्या एकटीवर सोडून चालणार नाही. घरानं आधीच मोठ्यानं बोलून ठेवलं पाहिजे, की यंदा घरात दोन गोष्टी होणार आहेत आणि त्यातली एक कधीही अर्ध्यावर टाकावी लागेल. फराळ निम्मा झाला तर निम्मा. आम्ही आता तसं जाहीरच केलंय. दीडशेच्या ऐवजी करंज्या जेवढ्या झाल्या तेवढ्या. चकल्या बचत गटातल्या ताईंकडून विकत आणल्या. नणंदेनं नाक मुरडलं, ‘विकतच्या?’ म्हणून, सासूबाईंनीच तिला फोनवर परस्पर काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ती लाडूंचा डबा घेऊन हजर! नवऱ्यानं शंकरपाळे केले. चौकोनी एकही नाही, पण खुसखुशीत झालेत. ‘मदत केली’ असं तो ऑफिसात सांगत फिरतोय, त्याबद्दल मी नंतर कधीतरी भांडणार आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगते. शनिवारनंतर सगळ्या घराचा लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. ‘तू हलायचं नाही!’ चहा हातात, पाणी हातात, मी पलंगावर, आणि बाहेरून हसण्या-बोलण्याचे आवाज. गव्हाणीचं गवतसुद्धा माझ्याशिवाय आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चक्क रडले. नवरा घाबरला, कळा सुरू झाल्या की काय! त्याला कसं सांगू, की नाताळ हा माझाही आहे. मला कामातून सूट हवीय, सणातून नकोय. डॉक्टरीणबाई रोज चाला म्हणतात, हलकं काम करा म्हणतात. मी काही आजारी नाही.

शेवटी मीच ठरवलं. माळे साफ करणं, कढईसमोर उभं राहणं, हे यंदा माझं नाही. गव्हाण मी मांडणार, खुर्चीवर बसून, लेक खालून मेंढरं देईल तशी. तिची निळी ओढणी मी शिवणार. चोवीसला रात्री गाणारी मंडळी येतील तेव्हा मी दाराजवळच्या खुर्चीत बसून गाणार, उभी राहणार नाही, आणि चहाचं सासरे बघणार आहेत. पंचवीसची उपासना दोन तासांची असते. जमेल तेवढं बसेन, मागच्या बाकावर, दाराजवळ. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, मध्येच उठलात तर मी प्रवचन थोडक्यात आटोपतो, मंडळी तुमचे आभार मानतील!

आणखी एक. ‘पंचवीसलाच होऊ दे हं, येशूच्या दिवशी!’ असे आशीर्वाद देणाऱ्यांना माझे हात जोडून नमस्कार. हौसेनं म्हणतात, कळतं. पण परवा एका नातेवाईकबाईंनी सुचवलं, ‘नाहीतरी दिवस भरलेच आहेत, डॉक्टरांना सांगून पंचवीसला सिझर करून घे की!’ तुमच्याकडे मुहूर्त काढून सिझर करतात, त्यातलाच हा प्रकार. पोट फाडणं म्हणजे केक कापणं वाटलं का? गरज असेल तेव्हा सिझर जीव वाचवतं, त्याला नावं ठेवू नयेत. पण हौसेखातर, त्यातही ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. आणि डॉक्टरांची ती ‘तारीख’ तरी काय असते? शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेला अंदाज. अगदी त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात पाचसुद्धा नसतात. सदतिसाव्या आठवड्यापासून कधीही तयारीत राहायचं, हे खरं. त्यामुळे ‘अजून नाही का गं’ विचारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. झालं की कळवू. विचारायचंच असेल तर ‘काही करून देऊ का’ असं विचारा, मी लगेच काम सांगीन.

आमची पिशवी भरून झालीय. माझी फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, रक्तगटाचा कागद. आईच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी, दोनदा धुऊन उन्हात वाळवलेली. झबली, टोपडी, नगरची डिसेंबरची थंडी, म्हणून लोकरीचे मोजे. माझे दोन गाऊन, पॅड, थर्मास. ती पिशवी गव्हाणीच्या शेजारीच ठेवलीय, बाहेर पडताना दिसावी म्हणून. फ्रिजवर कागद चिकटवलाय: दवाखान्याचा नंबर, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भाऊंचा नंबर (चोवीसच्या रात्री ते जागेच राहणार म्हणालेत), खाली १०८. सरकारी दवाखान्यात नाव घातलेल्यांसाठी १०२ ची गाडी असते, न्यायला आणि परत आणायलाही, फुकट. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती सोय आहे. आमच्या कामवाल्या ताईंना हे माहीतच नव्हतं, त्यांच्या मुलीचेही दिवस भरत आलेत. तोच कागद त्यांनाही लिहून दिला.

हे सगळं छापायला देऊ का, म्हणून मी सासूबाईंना विचारलं. करंज्यांचे डबे मोजत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘लिही. माझं नाव नको घालूस. तिचं तर ठेवलंच नव्हतं.’

नाटिका बावीसला आहे. लेकीला सध्या एकच काळजी. ‘मम्मी, तू तेव्हाच दवाखान्यात गेलीस तर मला बघायला पुढच्या बाकावर कोण बसणार?’ आजी म्हणाली, पप्पा बसतील, मी तुझ्या मम्मीबरोबर असेन. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, चालेल. आणि बाईंना तिनं सांगून टाकलंय म्हणे, मी कमरेवर हात ठेवूनच चालणार.